शेऱ्याच्या रकान्यातील सीतेची वेणी

रस्तारुंदीच्या कामात जी झाडे आड येतात त्यांची जागेवर जाऊन मोजदाद करणे, प्रत्येकाच्या खोडावर चुन्याचा पट्टा ओढून त्यावर डांबराने क्रमांक घालणे, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, अदमासे उंची आणि एकंदर प्रकृती यांची नोंद करणे, खाली पंचांच्या सह्या किंवा अंगठे घेणे आणि तो कागद वरिष्ठ कचेरीकडे रवाना करणे, हे माझ्या नोकरीतील बहुतेक वर्षांचे काम होते. या कागदाच्या उजव्या अंगाला सर्वांत शेवटचा रकाना असे तो शेऱ्याचा. त्यात ‘खोड पोकळ’, ‘वाळवी लागलेली’, ‘रस्त्याकडे कललेले’, ‘मालकाची हरकत’ असे दोन-चार शब्द लिहिण्याची वहिवाट होती, आणि पुष्कळदा तो कोराच जाई. पुढे पुढे या कोऱ्या जागेत मी एक मजकूर नियमाने लिहू लागलो, तो झाडाविषयीचा नव्हता. झाडाच्या अंगाखांद्यावर जी राहते तिच्याविषयीचा होता.

पंचनाम्याच्या कागदाविषयी माझ्या मनात आदरच आहे. झाड तोडावयाचे तर त्याची गणती व्हावी, त्यासाठी कोणापाशी तरी परवानगी मागावी लागावी आणि तोडीचा जाब कोणी तरी द्यावा, ही गोष्ट आपल्या राज्यात कायद्याने आणली आणि ती फार मोलाची आहे. १९६४ च्या अधिनियमाने खेड्यापाड्यांतील आंबा, जांभूळ, ऐन, किंजळ, मोह, हिरडा यांसारखी झाडे अनुसूचीत घातली. १९७५ च्या अधिनियमाने शहरांना वृक्ष प्राधिकरणे दिली आणि ठरावीक मुदतीने वृक्षगणना करणे त्यांच्यावर बंधनकारक केले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्यांवरील वयाच्या झाडांना वारसावृक्षाचा मान दिला. तथापि या सर्व तरतुदींत झाड म्हणजे काष्ठमय वनस्पती, आणि कायद्याची दृष्टी तेथेच थांबते. त्या काष्ठाच्या सालीवर, मातीचा एक कणही न मागता, वर्षानुवर्षे जी वनस्पती वाढते, फुलते आणि बीज धरते, तिच्यासाठी कोठेही रकाना नाही. झाड तोडण्याची मंजुरी मिळाली की तिच्या मरणाचीही मंजुरी, कोणी न मागता आणि कोणी न देता, त्याच कागदावर होऊन जाते.

माझे बिऱ्हाड दिव्यास. दिवा म्हटले की लोकांना गाडीची गर्दी आणि स्टेशनालगतचे फाटक आठवते. मला मात्र या गावाचा एक निराळाच गुण मोलाचा वाटत आला. गाव स्वतः खाडीच्या काठचे, सखल, खाजणाचे. दातिवली, साबे, आगासन, बेतवडे या शेजारच्या गावांत आगरी कुटुंबांची भातशेती होती, पलीकडे तिवरांचे रान होते, आणि ज्या वनस्पतींना डोंगरावरचे धुके आणि जुन्या रानाची सावली लागते त्यांच्यापैकी एकही येथे आपण होऊन येण्याचा संभव नव्हता. परंतु दिवा हे जंक्शन आहे. येथून एक वाट पनवेलकडे जाते व पुढे रोहे ओलांडून थेट सावंतवाडीपर्यंत कोकण उलगडीत नेते. दुसरी भिवंडीवरून वसईस पोहोचते. आणि मुख्य मार्गाने कल्याण गाठले की तेथून कसाऱ्याचा आणि कर्जतचा असे दोन फाटे फुटतात. पनवेलच्या वाटेवर कर्नाळ्याचे अभयारण्य, वसईच्या वाटेवर तुंगारेश्वराचे डोंगर, कर्जतच्या वाटेवर नेरळ आणि त्याच्या माथ्यावर माथेरान, आणि कल्याणास उतरून एस.टी. धरली की मुरबाडवरून माळशेजचा घाट. ज्याचे पोट मोजणीच्या फिरतीवर आहे आणि ज्याचे मन झाडांत आहे, त्याला याहून सोयीचे ठाणे सह्याद्रीच्या या भागात दुसरे सापडणार नाही.

माळशेजच्या वाटेवरील एका मोजणीतच सीतेच्या वेणीची आणि माझी खरी ओळख झाली. जेवणाची वेळ टळून गेली होती, जुन्या रायवळ आंब्यांची रांग संपत आली होती, आणि एका आंब्याच्या खोडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळताना लांब, जाड, पन्हळीसारख्या पानांचा एक मोठा झुबका आड येत होता. मुकादमाने गड्यांना सांगितले, ‘‘बांडगूळ आहे, खरवडून टाका.’’ कोयता उचललेला गडी थांबला नाही. पण त्याच्या मागे उभा असलेला एक वयस्क ठाकर पुढे झाला आणि त्याने त्याचा हात धरला. ‘‘बांडगूळ नाय त्ये, मुकादम,’’ तो म्हणाला. ‘‘बांडगूळ झाडाचा जीव खातो. ही सीतेची वेणी हाय. ही झाडाचं काय बी घेत नाय, नुसती बसते.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘साहेब, टेप जरा वरून घ्या की,’’ असे त्याने इतक्या शांतपणे सांगितले की मुकादमासही पुढे बोलवेना.

वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत जो भेद परिच्छेदच्या परिच्छेद खर्चून समजावलेला असतो, तो या माणसाने दोन वाक्यांत सांगितला होता. बांडगुळाचे बी फुलटोच्यासारखा इवला पक्षी फांदीवर चिकटवितो. ते रुजते, त्याचे शोषकमूळ सालीतून आत शिरून लाकडापर्यंत पोहोचते, आणि तेथून ते आंब्याने आपल्यासाठी वर चढविलेले पाणी व क्षार ओढून घेते. त्यामुळे बांडगूळ धरलेली फांदी हळूहळू वाळत जाते, आणि कोकणातला बागाईतदार ती वेळीच छाटून टाकतो यात त्याचे काहीही चुकत नाही. सीतेची वेणी ही जीवोपजीवी नव्हे. ती अपिवनस्पती आहे, म्हणजे झाडाचा तिला केवळ आधार लागतो, आहार नव्हे. तिची मुळे सालीच्या वरवर पसरतात, खाचाखळग्यांत रुततात, परंतु सालीच्या आतल्या जिवंत थराला स्पर्शही करीत नाहीत. बागाईतदारांच्या कोयत्याखाली बांडगुळाबरोबर तीही जाते, याचे कारण इतकेच की दोन्ही झाडावर हिरवी दिसतात.

त्या दिवशी मी टेप वरून घेतला, आणि पंच सह्या करीत असता त्या झुबक्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. या वनस्पतीस शास्त्रीय परिभाषेत ‘रिंकोस्टायलिस रेटुसा’ म्हणतात. आमर कुलातील म्हणजे ऑर्किडच्या वंशातील ती आहे. तिचे खोड आखूड, पानांच्या जुन्या आवरणांनी झाकलेले. पाने दोन्ही बाजूंना एकाआड एक, चामड्यासारखी चिवट, मधोमध पन्हळ पडलेली, आणि टोकाशी कातरल्याप्रमाणे असमान खाच असलेली. पण सर्वांत पाहण्यासारखी होती ती तिची मुळे. करंगळीपेक्षा थोडी बारीक, रुपेरी पांढऱ्या रंगाची ती मुळे खोडाच्या सांध्यांतून निघून काही सालीला बिलगली होती आणि काही नुसतीच हवेत लोंबत होती. माझ्या बाटलीतील थोडे पाणी मी एका मुळावर ओतले. पाणी लागताच त्याचा रुपेरी वर्ण पाहता पाहता मावळला आणि जेथवर ओल पोहोचली तेथवर ते हिरवे झाले. टोकाचा अर्धा बोटभर भाग तर आधीपासूनच कोवळा, चकचकीत पोपटी होता.

हे का घडते ते मला नंतर कळले. या मुळांवर मृत पेशींचे एक सच्छिद्र आवरण असते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून ते पांढरे दिसते, आणि पाऊस वा दव पडताच ते पाणी टिपून घेते व पारदर्शक होते, तेव्हा त्याखालील हरितद्रव्याचा थर डोळ्यांना दिसू लागतो. म्हणजे या वनस्पतीचे मूळही पानाप्रमाणे प्रकाशात अन्न तयार करण्यास हातभार लावते. सालीवरून ओघळणाऱ्या पाण्याबरोबर धूळ, कुजलेल्या पाल्याचा अंश, पाखरांची विष्ठा यांतील जे काही विरघळून येईल तेवढ्या क्षारांवर तिचा निर्वाह चालतो. सह्याद्रीत चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड. त्यातही फाल्गुनापासून वैशाखापर्यंत उघड्या फांदीवर जे ऊन लागते ते सोसून ही वनस्पती जगते ती पानांतील साठ्यावर आणि अत्यंत काटकसरीच्या व्यवहारावर. जाड पानांच्या अनेक आमरी दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून हवा आत घेतात, म्हणजे पाणी कमी उडते. ही काटकसर तिला वाढू देते, पण फार सावकाश. वर्षाकाठी दोन-चार नवी पाने, थोडी नवी मुळे, एवढीच तिची मिळकत. आंब्याच्या खोडावर हातभर पसरलेला झुबका दिसला तर तो एका माणसाच्या नोकरीइतका जुना असू शकेल असे मी आता खुशाल समजतो.

आणि तिचे फूल! ज्येष्ठाच्या आगेमागे, वळवाच्या सरी पडून गेल्यावर, पानांच्या बगलेतून तिचा तुरा निघतो आणि सरळ वर न जाता खाली लोंबतो. हातभर लांबीच्या त्या लोंबत्या दांड्यावर शुभ्र पाकळ्यांची, जांभळट ठिपक्यांची आणि मध्यभागी गडद जांभळ्या ओठाची असंख्य लहान फुले इतकी दाट बसलेली असतात की दांडा मुळीच दिसत नाही. ठाकरांनी तिला सीतेची वेणी का म्हटले ते हा तुरा पाहिलेल्या माणसास सांगावे लागत नाही. सह्याद्रीत काही ठिकाणी हेच नाव तिच्याच नात्यातील गुलाबी फुलांच्या दुसऱ्या आमरीसही देतात, आणि शास्त्राने त्या दोघींना वेगळ्या प्रजातींत घातले असले तरी तसे देण्यात मला काही वावगे वाटत नाही. दूर आसामात हीच वनस्पती ‘कपौ फूल’ या नावाने ओळखली जाते, बिहूच्या नाचात तेथील मुली ती केसांत माळतात, आणि त्या राज्याने तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. श्रीलंकेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आणि पूर्वेकडे फिलिपाइन्सपर्यंत तिचा वावर आहे. लिनिअसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले ते मलबारातील वनस्पतींवरच्या सतराव्या शतकातील ग्रंथाच्या आधाराने. अशी ही जगाने मानलेली वनस्पती आमच्या मोजणीच्या कागदावर मात्र टेपच्या आड येणारा झुबका एवढीच होती.

ठाणे जिल्ह्याच्या दफ्तरास या विषयाचे अगदीच वावडे होते असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील जॉन सदरलँड लॉ हे ठाण्यास असताना कचेरीच्या कामाबरोबर कोकणातील वनस्पती गोळा करीत. त्यांच्या नावावरून लिंडले या आंग्ल शास्त्रज्ञाने सह्याद्रीतील एका आमरीस ‘डेंड्रोबियम लॉवियानम’ असे नाव दिले. पुढे डॅल्झेल आणि गिब्सन यांची ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये, थिओडोर कुक यांचा इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात, आणि सांतापाव व कपाडिया यांचे मुंबईच्या आमरींवरील पुस्तक १९६६ मध्ये, अशी ही परंपरा चालत आली. कुकांच्या ग्रंथातील आमर कुलाची पाने मी ग्रंथालयात बसून पुन्हा पुन्हा वाचली आहेत. त्यांत प्रत्येक वनस्पतीपुढे ती कोणास, कोठे मिळाली याचा तपशील असतो, आणि जी गावे मी नोकरीनिमित्त पायाखाली घातली तीच तेथे वाचताना मला फार समाधान वाटे. झाडाची नोंद घेणारा सरकारी माणूस झाडावरील फुलाचीही नोंद घेऊ शकतो, तसे घडून गेलेले आहे, हा आधार मला त्या पानांनी दिला.

पण नोंद कशासाठी, असा प्रश्न माझ्या एका वरिष्ठांनी केला होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मला या वनस्पतीच्या बीजाकडे वळावे लागते. रस्त्यासाठी झाडे तोडली की त्यांच्या मोबदल्यात नवी रोपे लावण्याची अट असते. शंभर आंबे गेले तर त्यांच्या कित्येक पट रोपे कोठे तरी लागतील, त्यांतील काही जगतील, आणि काही दशकांनी तेथे पुन्हा सावली होईल असे म्हणता येते. सीतेच्या वेणीच्या बाबतीत असला हिशेब मुळी मांडताच येत नाही. तिच्या एका बोंडात हजारो बिया असतात, परंतु प्रत्येक बी धुळीच्या कणाइतके, आणि त्यात गर्भाला पोसण्यासाठी साठविलेले अन्न जवळजवळ नसतेच. गव्हाच्या दाण्याबरोबर पिठाची शिदोरी असते; या बीजाला आईने रिकाम्या हातांनी घराबाहेर काढलेले असते. वाऱ्यावर उडून ते एखाद्या सालीच्या खाचेत पडले, तेथे ओल टिकली, आणि त्या खाचेत एका विशिष्ट जातीचे सूक्ष्म कवक वस्तीला असले, तरच ते रुजते. कारण त्या कवकाच्या तंतूंतूनच त्याला पहिले अन्न मिळते. फ्रान्समधील नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये एका रानटी आमरीच्या रोपांत हा संबंध प्रथम ओळखला. अमेरिकेतील लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये साखर व क्षार घातलेल्या आगरावर, कवकाशिवाय, काचेच्या नळीत आमरीचे बी रुजवून दाखविले, आणि आज फुलबाजारात जी आमरीची रोपे मिळतात त्यांच्या मागे तीच युक्ती आहे. परंतु रानात काचेची नळी नाही. तेथे जुनी साल लागते, खरबरीत, फुटलेली, शेवाळ धरलेली, जिच्यात हे कवक वर्षानुवर्षे रुळलेले आहे. नव्या रोपाच्या गुळगुळीत सालीवर ते येण्यास एक पिढी जाईल, आणि बी देणारी मूळ वनस्पती जवळपास शिल्लक नसेल तर पिढी जाऊनही काही येणार नाही. म्हणून जुन्या झाडाबरोबर त्यावरील आमरी गेली तर मोबदल्याची कितीही रोपे लावली तरी तिची भरपाई होत नाही. ती वाचवावयाची असेल तर तोडीपूर्वी, जिवंत असतानाच, उचलून दुसऱ्या जुन्या झाडावर न्यावी लागते. हे मी वरिष्ठांना सांगितले.

त्यांनी ते ऐकून घेतले, पण पहिल्या काही कागदांवर लाल शाईने ‘असंबद्ध मजकूर वगळावा’ असा शेरा येऊन ते परत फिरले. मी मजकूर वगळला नाही, शब्द बदलले. ‘झाडावर आमरीचे झुबके आहेत’ असे लिहिण्याऐवजी ‘झाडावर स्थलांतरयोग्य अपिवनस्पती, तोडीपूर्वी मालकाच्या संमतीने उतरविणे इष्ट’ असे लिहू लागलो. कचेरीच्या भाषेत सांगितलेली गोष्ट कचेरीस समजते, हा माझा अनुभव आहे, आणि तो मी या कामात पडू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणास सांगतो. त्यानंतर कागद परत येईनासे झाले. उतरविण्याचे काम अर्थात कोणी सांगितले नाही आणि कोणी अडविलेही नाही. ते मी, त्या वयस्क ठाकराने आणि त्याच्या दोन पुतण्यांनी जमेल तसे केले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. राखीव वा संरक्षित रानातून अशी वनस्पती उचलणे हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असावयास हवा. आम्ही जे केले ते मालकीच्या शेतांत व रस्त्याच्या हद्दीत, ज्यांची तोड मंजूर झाली होती त्याच झाडांवर, आणि खातेदारास विचारून केले. ज्या शेतकऱ्याचा आंबा जावयाचा असे तोच पुष्कळदा आपल्या बांधावरचा दुसरा आंबा किंवा जांभूळ पुढे होऊन दाखवी. त्याच्या आंब्याचा मोबदला त्याला मिळणार होता, पण आजोबांनी लावलेल्या झाडाचे काही तरी मागे राहावे ही त्याची इच्छा मोबदल्याने भागण्यासारखी नव्हती.

उतरविण्याची रीत त्या ठाकरानेच बसविली, आणि ती मला पुढे वाचावयास मिळालेल्या कोणत्याही रीतीपेक्षा निर्दोष वाटते. मूळ सालीवरून ओढावयाचे नाही. ओढले की ते वरचे सच्छिद्र आवरण साली­वरच सोडून आतील दोऱ्यासारख्या तंतूच्या रूपाने हातात येते, आणि तसे मूळ पुन्हा कामाचे राहत नाही. म्हणून झुबक्याच्या भोवती, वीतभर अंतर राखून, कोयत्याच्या टोकाने सालीवर रेघ मारावयाची आणि झाड जाणारच असल्यामुळे सालीचा तो तुकडाच मुळांसकट सोलून काढावयाचा. नव्या झाडावर जागा निवडताना तीन गोष्टी पाहावयाच्या: साल खरबरीत आणि न सुटणारी असावी, म्हणून आंबा, जांभूळ, ऐन ही झाडे उत्तम आणि निलगिरी अगदी वर्ज्य, कारण तिची साल दरसाल गळून पडते, फांदी जमिनीला समांतर नसून थोडी तिरकी असावी, म्हणजे पाणी ओघळून जाते आणि झुबक्याच्या पोटाशी साचत नाही, आणि सकाळचे ऊन लागावे पण दुपारचे लागू नये. मग सालीचा तुकडा त्या जागी टेकवून, मुळांच्या दिशा नैसर्गिक राहतील असे पाहून, काथ्याच्या दोरीने आडवे-उभे बांधावयाचे. तार कधी वापरावयाची नाही. ती तापते, रुतते आणि झाड वाढले की सालीत गाडली जाते. सुतळी वर्षभरात कुजून जाते, ते फार लवकर होते. काथ्या दोन पावसाळे टिकतो, आणि तेवढ्यात नवी मुळे फुटून आपली पकड आपणच बसवितात. मग काथ्या कुजून गळून पडला तरी काही बिघडत नाही. खाली माती, शेण, नारळाचा भुसा असले काहीही घालावयाचे नाही, कारण मुळांना हवा लागते आणि ओलसर ढीग त्यांना कुजवितो. हे काम मृग लागण्याच्या सुमारास करावयाचे, कारण पावसाच्या पहिल्या सरींबरोबर मुळांची टोके पोपटी होऊन धावू लागतात.

या रीतीने हलविलेल्या वेण्यांपैकी मुरबाडकडच्या बांधांवरील बहुतेक जगल्या. पहिल्या उन्हाळ्यात त्यांची खालची पाने पिवळी पडून गळाली, दुसऱ्या पावसाळ्यात नवी मुळे जुन्या तुकड्याची सीमा ओलांडून नव्या झाडाच्या सालीवर उतरली, आणि त्यानंतर तुरे येऊ लागले. ज्या बांधावर त्या गेल्या त्या घरांतील बायकांनी पुढे त्यांची काळजी घेतली, आणि मुलांनी तुरे तोडू नयेत म्हणून त्यांना दटावले, हे मला फिरतीवर असताना अनेकदा दिसले.

दिव्यातही मी हा प्रयोग करून पाहिला. गावातील एका वयोवृद्ध आगरी गृहस्थांच्या अंगणात फार जुना आंबा होता, आणि त्यांनी आपल्या सुनेच्या हातूनच तो झुबका बांधवून घेतला. झुबका जगला, पाने धरून राहिला, पावसाळ्यात हिरवागार दिसे. परंतु त्यास तुरा क्वचितच येई, आणि आला तरी आखूड. खाडीवरचा खारा वारा, वाढत्या वस्तीची धूळ, आणि डोंगरावर पहाटे जो गारठा व धुके असते त्यांचा अभाव, ही त्याची कारणे असावीत असे मी मानतो. ज्या प्रदेशाची वनस्पती तिला त्या प्रदेशातच ठेवावी, असे माझे मत त्यानंतर पक्के झाले. शहरातील अंगणे ही तिची धर्मशाळा होऊ शकतील, तिचे घर होऊ शकणार नाहीत.

हे मत पक्के होण्यास आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात घाटरस्त्यांच्या कडेला आणि कधी कधी बाजाराच्या तोंडाशी रानातून ओरबाडून आणलेल्या आमरींचे जुडगे विकावयास ठेवलेले दिसतात, आणि सहलीहून परतणारी सुशिक्षित मंडळी हौसेने ते विकत घेतात. त्या आमरी झाडावरून ओढून काढलेल्या असतात, त्यांच्या मुळांची आवरणे सोलून निघालेली असतात, आणि शहरातील गॅलरीत कुंडीतील मातीत पुरल्यावर त्या एका उन्हाळ्यापलीकडे जात नाहीत. सर्व आमर कुल १९७५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-करारात समाविष्ट आहे, आणि आपल्या देशातील काही आमरींना वन्यजीव कायद्याचेही संरक्षण आहे. परंतु घाटातील त्या जुडग्यापाशी ना करार पोहोचतो ना कायदा. तेथे फक्त गिऱ्हाईकाची विवेकबुद्धी पोहोचू शकते. विकणाऱ्या गरीब बाईला मी दोष देत नाही. तिच्यापाशी पावसाळ्यात विकण्यासारखे दुसरे थोडेच असते. ज्याला आमर हवी त्याने प्रयोगशाळेत रुजविलेल्या रोपांची विक्री करणाऱ्या रोपवाटिकेतून ती घ्यावी, आणि त्या बाईकडून करटोली घ्यावीत, कुरडूची भाजी घ्यावी, चांगला भाव देऊन घ्यावी.

आता मी नोकरीत नाही. रस्ते रुंद होतच आहेत, आणि ते होऊ नयेत असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. दिव्याहून रोज मुंबईस जाणाऱ्या माणसाला वाहतुकीचे हाल काय असतात ते चांगले ठाऊक असते. माझे मागणे त्या मानाने फार लहान आहे आणि ते ज्यांच्या हाती मोजणीचे आणि वृक्षगणनेचे नमुने आहेत त्यांच्यापुढे मी आदरपूर्वक ठेवतो. घेर, उंची आणि प्रकृती यांच्या शेजारी ‘झाडावरील अपिवनस्पती’ असा एक रकाना छापावा. तोडीच्या परवानगीत, मोबदल्याच्या रोपांच्या अटीबरोबर, या वनस्पती उतरवून जवळच्या जुन्या झाडावर बांधण्याची अट घालावी. आणि त्यासाठी मजुरीची तरतूद अंदाजपत्रकात करावी, कारण झाडावर चढून सालीसकट झुबका सोडविणे हे कसबी माणसाचे काम आहे आणि ते फुकट करवून घेणे योग्य नाही. असा माणूस डोंगरालगतच्या प्रत्येक गावात आहे. तोपर्यंत, ज्या वाचकाच्या शेतातील किंवा आळीतील जुना आंबा तोडीस निघाला असेल त्याने पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी एकदा मान वर करून फांद्यांकडे पाहावे, आणि तेथे रुपेरी मुळांचा झुबका दिसला तर त्याची नोंद शेऱ्यात करण्याचा आग्रह धरावा. नमुन्यात जागा नसली तरी शेऱ्याचा रकाना रिकामा असतो.